अडीच आटे

दौलत उंबरकरने आयुष्यात एकच लबाडी केली होती, आणि तीही जमिनीवर उताणं पडून, हातात पाना धरून. त्या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आता कोण विचारतंय, असं तो धरून चालला होता. पण २०३६ सालच्या एका बुधवारी सकाळी, वाईतल्या त्याच्या घरात, टीव्हीच्या पडद्यावर ती लबाडी पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

झालं असं, की पुण्याहून एक खोकं आलं होतं. त्यात टीव्हीला जोडायचा वहीएवढा गेम कन्सोल होता आणि एक लाकडी पेटी होती. पेटी जेवायच्या पाटाएवढी. दोन्ही अंगांना एकेक बटण, उजव्या कोपऱ्यात ओढून सोडायचा दट्ट्या. पेटी मांडीवर घ्यायची, पडद्यावर पिनबॉलचं टेबल उघडायचं आणि खेळायचं. पेटीला धक्का दिला की पडद्यातलं टेबल हलतं, आणि पडद्यातली गोळी रबरावर आपटली की पेटी तळहाताला धक्का देते.

पिनबॉल ज्यांनी पाहिलंच नाही त्यांना सांगतो. काचेखाली एक उतरतं टेबल असतं, त्यावरून स्टीलची गोळी घरंगळत खाली येते. खाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन छोटे हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बटण दाबलं की फ्लिपर गोळीला वर उडवतो. दोघांच्या मधून गोळी निसटली की ती गेली. बस्स, एवढाच खेळ. पण त्यापायी लोकांनी कॉलेजं बुडवलेली आहेत.

पडद्यावर जे टेबल उघडलं ते ‘मून सर्कस’ होतं. चंद्रकोरीवर बसलेली चाबूकवाली बाई, तिच्या डाव्या गालाचा उडालेला रंग, सगळं जसंच्या तसं. दौलतने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचगणीच्या बाजारात केरसीशेठच्या व्हिडिओ पार्लरमध्ये आठ वर्षं त्याने हे टेबल सांभाळलं होतं. बल्ब बदलले, रबरं बदलली, तारा डागल्या.

जुन्या मेकॅनिकच्या सवयीने त्याने पहिली गोळी जोरात मारलीच नाही. दट्ट्या अलगद सोडला, गोळी वरच्या टोकाला नेली आणि तिची ती घरंगळू दिली. गोळी मधोमध, नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी, सरळ खाली आली.

त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सरळ.

“काय हो, चेहरा का असा उतरला?” शैला स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “बिघडलंय का?”

“छे गं. चांगलंय की.”

“मग सरका. मला बघू दे माझी सर्कस.”

ती ‘माझी’ म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तिथेच तर सगळी गोम होती.

शैला तेव्हा बावीस वर्षांची होती. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा हात खांद्यापासून लुळा राहिला. बोट हलायचं, बटणही दाबायचं, पण मनात आल्यावर क्षणभर उशिरा. पार्लरला लागून तिचं टेलिफोन बूथ होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मीटरवर फडकं टाकून ती ‘मून सर्कस’वर यायची. खेळायची मोठी छान, पण डावीकडे गोळी आली की दौलत आपला श्वास रोखून उभा. मे महिन्यात केरसीशेठने स्पर्धा जाहीर केली. बक्षीस, भिंतीवरचं चावीचं घड्याळ. मुंबई-पुण्याची सुट्टीला आलेली कॉलेजची पोरं नाव द्यायला लागली, आणि शैलानेही दिलं. कोणीतरी हसलं. ते हसणं दौलतच्या कानात शिरलं ते निघेचना.

मग मंगळवारी, पार्लर बंद असताना, तो टेबलाखाली शिरला. डावीकडच्या दोन्ही पायांखालचे स्क्रू त्याने अडीच-अडीच आटे फिरवले. टेबल डावीकडून चार मिलिमीटर उचललं गेलं. डोळ्याला दिसायचं नाही, पण गोळीला कळतं. आता ती जराशी उजवीकडे ओढ घेणार, शैलाच्या धड हाताकडे.

बरोबर बाराव्या दिवशी, रविवारी, शैलाने आठ लाख एक्केचाळीस हजार दोनशे सत्तर गुण केले आणि त्या पोरांची तोंडं पाहण्यासारखी झाली. दिवाळीनंतर दोघांचं लग्न झालं. घड्याळ अजून भिंतीवर होतं. त्याला चावी मात्र शैलाच द्यायची, दर रविवारी, स्टुलावर चढून. दौलत म्हणायचा, माझी पाठ धरते. पाठ बीठ काही धरत नव्हती. त्या घड्याळाला हात लावायची त्याची छाती होत नव्हती, एवढंच.

आता शनिवारी अकरा वाजता ‘मून सर्कस’ देशभरातल्या घराघरांत कन्सोलवर उतरणार होतं. पहिला डाव शैला खेळणार, आपल्या घरातून, याच कन्सोलवर, आणि हजारो लोक तो बघणार. तिचा आठ लाखांचा आकडा टेबलावर कायमचा कोरला जाणार, गाठून दाखवा म्हणून. आणि टेबल होतं सरळ! सगळ्या जगासमोर ती सरळ टेबलावर खेळणार, डावीकडून गोळ्या घालवणार, आणि एवढी हुशार बाई, पाच मिनिटांत ओळखणार की तेव्हाचा विजय आपला नव्हताच. सासर-माहेर, दुखणी-खुपणी, सगळ्यांत जिने “मी पोरांना हरवलंय, तुम्ही कोण?” असं म्हणत मान ताठ ठेवली, तिच्या पायाखालची वाळूच सरकणार.

दुपारी शैला वामकुक्षीला आडवी झाली तसा तो परसात गेला आणि त्याने अनुजाला फोन लावला. अनुजा केळुसकर म्हणजे ज्या कंपनीने हे टेबल उतरवलं तिथली इंजिनियर, तिशीची, बोलायला मोकळी.

“अनुजा, तुमच्या टेबलाचा उतार चुकलाय.”

“शक्य नाही हो काका,” ती हसली. “आधीचे लोक फोटो बघून अंदाजाने टेबलं बनवायचे, म्हणून ती खोटी वाटायची. आम्ही कसं केलं सांगू? मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना? आवाजावरून कळतं, कुठे चीर, कुठे कच्चं. आमच्या यंत्राने तुमच्या टेबलाला चाळीस हजार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि प्रत्येकीचा आवाज ऐकला. कुठलं रबर किती कडक, कुठलं लाकूड किती दमलेलं, सगळं त्यात आलं.”

“आणि उतार?”

“ते खरं अवघड होतं. केरसीशेठच्या पुतण्याकडे टेबल होतं ते पाय काढून ठेवलेलं. पण गोळी जिथून जाते तिथे बारीक चरा पडतो. लाखो चरे. ते सगळे वाचून यंत्र उलटं गणित करतं, की असे चरे पडायला टेबल कसं उभं असायला हवं. उत्तर आलं, सरळ. डावं-उजवं अगदी समान.”

परसातल्या तुळशीकडे बघत दौलतने जे चव्वेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते या पोरीला सांगून टाकलं. पाना, अडीच आटे, सगळं.

“तुमचं यंत्र चुकलंय, पोरी. मी स्वतः उचललं होतं ते. आणि परत कधी उतरवलं नाही. स्पर्धेनंतर त्या पायांकडे बघायचंही धाडस झालं नाही मला. पार्लर बंद होईस्तोवर ते तसंच असणार.”

“काका, एक विचारू? टेबलाला मेण कधी लावायचात?”

“दर मंगळवारी. का?”

“आधीचं मेण पुसून?”

दौलत ओशाळला. “खरं सांगू? पुसायचं औषध मुंबईहून मागवावं लागायचं. मी जुन्यावरच नवं चोपडायचो.”

“अहो, कमाल केलीत!” अनुजा जवळजवळ ओरडलीच. “म्हणजे प्रत्येक आठवड्याचे चरे त्या त्या थराखाली झाकलेले आहेत. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात तसे तुमचे मंगळवार. आम्ही वरचे थरच वाचले होते. मी खालचे वाचायला लावते. शुक्रवारपर्यंत कळेल, कुठल्या आठवड्यात टेबल कसं होतं ते.”

“काकूंना मात्र—”

“नाही सांगत.”

शुक्रवारपर्यंत हातावर हात ठेवून बसणं दौलतला कुठलं जमतंय! कन्सोलमध्ये एक पान होतं, मेकॅनिकसाठीचं. खऱ्या टेबलाचं जे जे फिरवता येतं ते सगळं तिथे. बल्ब, रबरं, पायांचे स्क्रूसुद्धा. संध्याकाळी शैला भाजी आणायला गेल्यावर त्याने ते पान उघडलं. डावे पाय. अर्धा आटा, एक, दीड, दोन, अडीच. या वेळी उताणं पडावं लागलं नाही, हातही काळे झाले नाहीत. तरी लबाडी ती लबाडीच, आणि एकोणसत्तराव्या वर्षी तर ती जास्तच टोचली. पण बायकोची मान खाली जाण्यापेक्षा टोचलेलं बरं, असं म्हणून त्याने पान बंद केलं.

गुरुवारी शैला सरावाला बसली. पेटी मांडीवर, पदर खोचलेला. पहिल्या गोळीला नव्वद हजार झाले आणि गेली. दुसरी त्याहून लवकर गेली. तिसरी तर डावीकडे आली, तिथून उजवीकडे गेली, काठावर आपटली आणि उलटी फिरून मधल्या फटीत.

“अगं, इतक्या वर्षांनी हात बसायला वेळ लागायचाच,” दौलत म्हणाला.

ती पुन्हा खेळली. पुन्हा तेच. जेवणाआधी सहा डाव, जेवणानंतर चार. लाखाच्या वर आकडा जाईना. दौलतला काही समजेना. त्या वेळीही असंच झालं होतं, त्याला आठवलं. टेबल उचलल्यावर ती दोन दिवसांत चमकेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती आठवडाभर हरतच होती. तेव्हा तो म्हणाला होता, स्पर्धेची धास्ती घेतलीयस तू. आताही तोंडात तेच आलं.

“उगाच धास्ती घेतलीयस तू शनिवारची.”

शैलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “असेल.” आणि कणीक मळायला उठून गेली.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा पेटी घेऊन बसली होती आणि दौलत मागे खुर्चीत पेपर उघडून बसला होता, वाचत मात्र काही नव्हता. तेवढ्यात फोनवर अनुजाचा निरोप आला. लांबलचक होता. त्याने चष्मा वर केला आणि ओठ हलवत वाचला.

‘काका, तुम्ही खरं बोललात आणि आमचं यंत्रही. मे १९९२ मध्ये एका पूर्ण थरात आणि त्यावरच्या थराच्या निम्म्याहून थोड्या जास्त भागात टेबल डावीकडून चार मिलिमीटर उचललेलं होतं. चऱ्यांच्या हिशेबाने साधारण अकरा दिवस. त्यानंतर ते बरोबर सरळ झालं आणि शेवटपर्यंत सरळच राहिलं. कोणीतरी फार काळजीपूर्वक उतरवलेलं आहे. तुम्ही नाही, तर कोण?’

दौलतने बोटांवर मोजलं. मंगळवार ते मंगळवार सात. बुध, गुरू, शुक्र, शनि. अकरा. शनिवार. आणि स्पर्धा रविवारी.

म्हणजे तिने आठ लाख केले ते सरळ टेबलावर!

त्याच्या हातातला पेपर खाली पडला. पडद्यावर शैलाची गोळी पुन्हा काठावर आपटून फटीत गेली, आणि मागे न बघताच ती म्हणाली,

“अडीचच दिलेत ना? का या वेळी वयाप्रमाणे जास्त?”

दौलत पडलेला पेपर उचलायला वाकला तो तसाच वाकून राहिला.

“बोला की. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?”

“तुला… तुला कसं कळलं?”

“आत्ता की तेव्हा?” तिने पेटी बाजूला ठेवली. “अहो, तुम्ही टेबल लावलं की स्क्रूवर पुढून तांबड्या रंगाची रेघ मारायचात, कोणी फिरवला तर समजावं म्हणून. फिरवलात अडीच आटे, आणि रेघ गेली मागच्या बाजूला. दहा-अकरा दिवस मी हरतेय, हरतेय, रडकुंडीला आले. म्हटलं, माझा हातच गेला की काय. शेवटी शनिवारी खाली वाकून बघितलं, तर रेघ गायब.”

“आणि मग?”

“तुम्ही बल्ब आणायला वाईला उतरला होतात. केरसीशेठ घोरत होते. सायकलवाल्याकडून पाना मागून आणला. पण किती आटे फिरवलेत ते रेघ थोडीच सांगते? अर्धा, दीड, अडीच, काहीही असेल. मग काचेवर अर्धी पाण्याची वाटी ठेवली, आणि एका हाताने स्क्रू फिरवत बसले. थोडं फिरवायचं, उठायचं, वाटीत डावं-उजवं पाणी सारखं आलं का बघायचं. पुन्हा खाली. अडीच आटे झाले तेव्हा कुठे पाणी सारखं आलं. साडी काय झाली होती म्हणून सांगू! आईने चांगली खरडपट्टी काढली.”

“पण मी तर तुझ्या सोयीसाठी…”

“सोयीसाठी!” शैला खळखळून हसली. “इकडे या. बसा इथे. आधी ते तुमचं पान उघडा आणि तुमच्या हाताने खाली आणा. त्या वेळी मी उतरवलं, आता तुमची पाळी.”

दौलतने मुकाट्याने पान उघडलं. अडीच, दोन, दीड, एक, अर्धा, शून्य. शैलाने पेटी पुन्हा मांडीवर घेतली आणि दट्ट्या सोडला. गोळी वर जाऊन फिरून डावीकडे यायला लागली. दौलतने चव्वेचाळीस वर्षांपूर्वीसारखा श्वास रोखला.

“बघा हं. नीट बघा. इथे लोक काय करतात? दाबतात. मी काय करते?”

तिने काहीच केलं नाही. डावं बोट नुसतं बटणावर टेकलेलं. गोळी त्या न हललेल्या फ्लिपरवर टप्पकन पडली, उडी मारून पलीकडे गेली आणि अलगद उजव्या फ्लिपरवर येऊन बसली. मग शैलाने उजवं बटण दाबलं आणि गोळी थेट चंद्राच्या कमानीत गेली. टेबल झगमगून उठलं.

“माझा डावा हात उशिरा येतो हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक होतं हो. म्हणून मी त्याला कामच ठेवलं नाही. ती उडी सरळ टेबलावर बेतलेली. तुम्ही टेबल तिरकं केलंत आणि माझी उडी दर वेळी पल्ला ओलांडून काठावर. करायला गेलात गणपती नि झालं माकड!”

आठ वर्षं टेबल सांभाळलं, मेणाचे चारशे थर चढवले, तिच्यासाठी श्वास रोखून उभा राहिला, आणि ती डावीकडे बटणच दाबत नाही हे आपल्याला दिसलं नाही. आपण फक्त तिचा हात बघत होतो, खेळ बघितलाच नाही. दौलतला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

“मग सांगितलं का नाहीस? मी इतकी वर्षं… मला वाटायचं, तुझं घड्याळ मीच चोरून आणलंय.”

शैलाचं हसू ओसरलं. हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

“अगंबाई. म्हणून तुमची पाठ धरायची?” ती हळूच म्हणाली. “सांगणार होते हो. स्पर्धा झाली की सांगून तुम्हाला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण जिंकल्यावर तुमचा चेहरा असा काही फुलला होता, की म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. मग लग्न ठरलं, मग राहूनच गेलं. आणि खरं सांगू? मला लहानपणापासून लोकांनी दोनच गोष्टी दिल्या. एक ‘अरेरे’ आणि दुसरी बसायला खुर्ची. कोणी माझ्यासाठी जमिनीवर उताणं पडून हात काळे केले नव्हते. गाढवपणा केलात तुम्ही, पण माझ्यासाठी केलात. मी घड्याळ जिंकले ते माझ्या जिवावर. तुम्हाला हो म्हटलं ते मात्र त्या अडीच आट्यांमुळे.”

दौलतने तिचा डावा हात पेटीवरून उचलून नुसता आपल्या हातात धरून ठेवला.

शनिवारी अकराला अनुजा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायला लागली. तिने जमलेल्या हजारो लोकांना शैलाकाकूंची ओळख करून दिली, आणि मग जरा चाचरत, दौलतकडे बघत म्हणाली, “काकू, या टेबलाचे मेकॅनिक तुमच्या शेजारीच बसलेत. त्या स्पर्धेत त्यांची काही मदत झाली होती का?”

दौलतने मान खाली घातली.

“झाली तर!” शैला ठणठणीत आवाजात म्हणाली. “भरपूर मदत केली. ती निस्तरायला मला अकरा दिवस लागले.”

अनुजा आधी थबकली, मग तिला उमगलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसली. शैला खेळली. सहा लाख बारा हजार झाले. आठ लाख काही झाले नाहीत, पण सहासष्टाव्या वर्षी एका हाताने सहा लाख म्हणजे काही थट्टा नाही, आणि लोकांनी पडद्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला. त्यानंतर देशभरातली पोरंपोरी डावं बटण न दाबता ती उडी शिकायला लागली. बहुतेकांची गोळी फटीतच गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. शैलाने सवयीने स्टूल भिंतीशी ओढलं, तर दौलत आधीच पुढे झाला.

“थांब. आज मी.”

“पाठ?”

“पाठीला काय धाड भरलीय?”

तो स्टुलावर चढला. घड्याळाचं दार उघडलं. आतल्या पितळी पट्टीवर केरसीशेठने कोरून घेतलेलं नाव त्याने आज पहिल्यांदा वाचलं. शैला विठ्ठल मोरे, प्रथम क्रमांक. चावी घातली आणि फिरवायला लागला. एक, दोन, तीन, चार.

“अहो, बास, बास!” खालून स्टूल धरून शैला ओरडली. “तुमचे आटे नेहमी जास्तच होतात.”